दाजींच्या अंगणातली मुकी पालखी

पावस गावच्या रस्त्यावरून आमच्या वाडीकडे वळलात की वळणावरच्या फणसाला एक पत्रा ठोकलेला दिसेल. त्यावर लाल रंगात लिहिलंय: 'पुढे गाभण गाय आहे. हॉर्न वाजवू नये. कुत्रे मोकळे सोडू नयेत. भांडण असल्यास येथेच उरकून पुढे यावे.' शेवटचं वाक्य आमच्या घराला उद्देशून आहे, असा माझ्या नवऱ्याला दाट संशय आहे.

पत्रा ठोकला दाजींनी. दाजी आमचे शेजारी. त्यांचा गोठा आणि आमचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढा जांभ्याचा गडगा, त्यामुळे दाजींपासून लपवावं असं आमच्याकडे काही उरलेलं नाही. साठी उलटलीय, अंगाने काटकुळे, आणि बोलायला लागले की गावकीत सगळ्यांना कळावं असं बोलतात. घरात ते, त्यांची बायको म्हणजे आमच्या सुमतीवहिनी, आणि चंद्री. मूलबाळ नाही. चंद्री ही गाय, हे मुद्दाम सांगावं लागतं. "चंद्रीला रात्री झोप लागली नाय," असं ऐकून आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी एकदा तिच्यासाठी बाम दिला होता.

हे वेड गेल्या वर्षीपासूनचं. चंद्री सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिने गाभ टाकला. असं झालं की गर्भ आणि वार उचलून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, भिरकावायची, आंघोळ करायची आणि दृष्ट कुणाची लागली यावर चर्चा करायची, ही आमची रीत. दाजींनी व्हाळ सोडून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी कोपरापर्यंत हातमोजे चढवून नमुने घेतले, चंद्रीचं रक्त काढलं आणि बाकी सगळं खोल खड्ड्यात चुना घालून पुरायला लावलं. "हे संसर्गाने झालं असेल आणि तुम्ही व्हाळात टाकलंत, तर साऱ्या वाडीची गुरं गाभडतील," त्या म्हणाल्या. "माणसांनाही लागतो तो आजार. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका."

तपासणीत संसर्ग निघाला नाही. मग कशाने झालं? बाई म्हणाल्या, दर वेळी कारण सापडतंच असं नाही. बुरशी धरलेला पेंढा असेल, पोटावर शिंग लागलं असेल, ताप येऊन गेला असेल, कुठला विषारी पाला खाल्ला असेल, फार दचकली असेल.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. दाजींनी सगळीच कारणं अंगावर घेतली. "कारण सापडला नाय म्हंजे काय? कारण नसला की लोकं आपला घालतात!" हे त्यांचं पालुपद झालं.

लोकं काय घालतात, हे वाडीला ठाऊक होतं. वहिनींची मुलं पोटातच गेली. दाजींची आई होती तोवर गाभण गायीच्या गोठ्यात वहिनींना पाऊल टाकायची बंदी होती. म्हातारी गेली, वहिनी चंद्रीचं सगळं हौसेने करू लागल्या आणि नेमकी गाय गाभडली. नळावर वाडीतल्या सरूकाकूंनी तोंड उघडलंच: "हात लागला ना हिचा." तेव्हापासून वहिनी पेंढा दारातून आत सरकवतात आणि मागे फिरतात.

दाजींनी मात्र मोहीम उघडली. खालच्या वाडीतला गंगाराम आपला वळू घेऊन आला, तर त्याला फाटकातच अडवला. "आधी ह्याचा रगत तपासून आण."

"ओ दाजी, माज्या बापसाचा पन रगत कधी कुनी तपासला नाय!"

"तुज्या बापसाला मी चंद्रीवर सोडनार नव्हतो."

शेवटी वळूऐवजी दवाखान्यातली कृत्रिम रेतनाची सुई ठरली. सुई द्यायला आलेल्या माणसाकडे दाजींनी वळूचा फोटो मागितला. त्या बिचाऱ्याने मोबाईलवर कुठलातरी बैल शोधून दाखवला. दाजींनी तो चष्मा लावून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "डोळं शांत हायत. चालंल."

चंद्रीला दिवस गेले आणि आमचे फिरले. गोठ्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने औषधाच्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवायचे. पेंढ्याची प्रत्येक पेंडी दाजी नाकाला लावून हुंगणार आणि बुरशीचा वास आला की आमच्या अंगणात फेकणार. आमच्या मिक्सरची चटणी दुपारी वाटायची नाही, कारण दुपारी चंद्री रवंथ करते. गावात कुणाचीही गाय व्यायला आली की दाजी वार पुरायला खोरं आणि चुन्याची पिशवी घेऊन हजर. वासरू यायच्या आधी खड्डा खणायला आलेला माणूस पाहून घरच्यांची काय अवस्था होत असेल, याचा विचार त्यांना कधी शिवला नाही.

कहर झाला माझ्या पुतणीला बघायला संगमेश्वराकडची मंडळी आली तेव्हा. पोहे झाले, पत्रिका झाली, आणि गडग्यावरून दाजींनी मुलाच्या आईला विचारलं, "तुमच्याकडं गाभडतात काय हो?" त्या बाईंच्या हातातला कप बशीवर आदळला. गुरांबद्दल विचारतायत, हे समजावून सांगेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला. दाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. "गाभडत असतील तर चपला बाहेरच ऱ्हाऊ देत," ते म्हणाले.

मग आला शिमगा. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. ढोल-ताशे, मुंबईहून आलेले चाकरमानी, अंगणात नाचवलेली पालखी. मग घरधनी देवीपुढे गाऱ्हाणं घालतो. ढोल कानठळ्या बसवत असतो, म्हणून गाऱ्हाणं बेंबीच्या देठापासून ओरडून घालायचं, नाहीतर देवीपर्यंत पोचायचं कसं? कोण काय मागतो ते दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, ही त्यातली सोय.

दाजींनी गावकीत उभं राहून सांगितलं, "पालखी येऊ दे. ढोल नको. चंद्रीला आठवा लागलाय."

मानकरी उसळले. "देवीची पालखी बिनढोलाची? मयत हाय काय? नायतर तुमचा घर टाकून पालखी फुडं जाईल!"

पालखीने घर टाकून जाणं म्हणजे देवीनेच वाळीत टाकणं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दाजींनी गुरवाकडे धाव घेतली. शेवटी गुरवाने देवीला कौल लावला आणि उजवं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार. ढोल वळणावर थांबणार. गुरवाची स्वतःची गाय त्या वेळी गाभण होती, एवढंच मी इथे नमूद करते.

ठरल्या दिवशी आमच्या वाडीने जे पाहिलं ते कुणी पाहिलं नसेल. फणसाखाली ढोल थांबले. ढोलवाले काठ्या काखेत मारून चवड्यांवर चालत आले. खांदेकऱ्यांनी पालखी नाचवली ती अनवाणी, ओठ घट्ट मिटून. एका चाकरमान्याला शिंक आली तर चौघांनी त्याचं नाक धरलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, कारण हसायचीही चोरी.

दाजी पुढे झाले. हात जोडले, डोळे मिटले. आणि आयुष्यभराच्या सवयीप्रमाणे, ढोल वाजतच आहेत अशा थाटात, सगळा जोर लावून ओरडले:

"आई! चंद्रीचा काय व्हायचा ता होऊ दे! पन ती गाभडली तर हिच्याकडं कुनी बघता नये! हिची पोरा गेली तवा आमची म्हातारी आवस हिला नाय नाय ता बोलली आनि मी गप ऱ्हायलो! हिची काय चूक व्हती गो आई? तवा कारण कुनी शोधलाच नाय! आता ही गोठ्यात जायला भिते! हिची भीती काढ!"

डोळे उघडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ढोल नाहीत. त्यांनी एकदा वळणाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. सगळ्या वाडीने शब्द न् शब्द ऐकला होता. मोबाईल वर धरून चित्रण करणाऱ्या पोरांनी हात खाली घेतले. गोठ्यात चंद्री शांतपणे रवंथ करत होती.

ओटीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "हळू बोला. ती दचकंल."

मला रडू फुटलं. इतकी वर्षं या माणसाला मी गायवेडा म्हणून हसत आले होते. वहिनींनी देवीची ओटी भरली, आणि पालखी पुढच्या घरी गेली ती तशीच, बिनढोलाची. ढोल वाजवायचं कुणाला सुचलंच नाही.

चंद्री अजून व्यायची आहे. नीट व्याली तर उत्तमच, पण पुढचं काय सांगावं. परवा मात्र सरूकाकू गडग्याशी आल्या. माफीबिफी मागणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "सुमती, माजी तांबू गाभन हाय ना, ती दोन दिस नीट खाईत नाय. जरा येऊन बघ गो." वहिनींनी हात पदराला पुसले. "दारातून बघते," त्या म्हणाल्या. सरूकाकूंनी त्यांचं मनगट धरलं. "दारातून काय कळतला? आत ये. पोटाला हात लावून बघ."