अधिक-उणे संगप्पा सर

संगप्पा सरांना कुणी वेळ विचारली, की ते आधी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून चालू आहे ना याची खात्री करायचे आणि मग सांगायचे, "साडेदहा. अधिक-उणे दोन मिनिटं."

उदगीरच्या पुढे, देगलूरच्या वाटेवर आमचं कॉलेज होतं. पत्र्याच्या चार खोल्या, त्यातल्या एकीत भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. तिथे सर आम्हाला बी.एस्सी.चं भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळचे बिलोलीचे, लग्न केलेलं नाही, गावात खोली करून एकटेच राहायचे. कुठल्याही मोजमापात थोडी चूक असतेच, ती किती ते सांगून टाकावं, हा प्रयोगशाळेतला नियम त्यांनी सगळ्या गावाला लावला होता.

त्या साली पावसाने दगा दिला होता. टँकरवाला एकदा म्हणाला, "उद्या येतो, सर."

"उद्या? अधिक-उणे किती?"

टँकरवाल्याने जरा विचार केला. "अधिक लई हाय, सर. उणे बिलकूल न्हाई."

सर खूश. पुढे आठवडाभर ते आम्हाला सांगत होते, की गावात शास्त्र कळणारा तेवढाच एक माणूस आहे.

दोऱ्याला गोळी बांधायची, ती लोलकासारखी झुलवायची आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा, हा आमचा प्रयोग. पुस्तकात नऊशे ऐंशी दिलेलं असायचंच, तेव्हा आम्ही उत्तरापासून उलटे मागे जाऊन आकडे भरायचो. सर भडकायचे. "दोरा कुजका, घड्याळ अडकून राहिलंय, खिडकीतून वारा येऊन राहिलाय, आन् तुझं उत्तर बिलकूल बरोबर? लेका, हे मोजलेलं न्हाई, चोरलेलं हाय!" कुणाचं नऊशे त्रेसष्ट आलं, तर मात्र पाठ थोपटायचे.

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवे कारकून. तिसऱ्या वर्षाला आम्ही मोजून तिघे. व्यंकट कलेक्टर कचेरीत लागला. हणमंत दुष्काळी कामावर हजेरी मांडायला गेला. उरलो मी. प्राचार्यांनी सरांना बजावून ठेवलं होतं, हा एक आहे तोवर वर्ग चालवा, हाही गेला की भौतिकशास्त्राला कुलूप आणि तुम्ही दुसरीकडे बघा.

सरांच्या शिकवण्यात काही फरक पडला नाही. मी समोर बसलेला असताना ते विचारायचे, "मागच्या बाकावर ऐकू येऊन राहिलंय का?" मग मी उठून मागच्या बाकावर जायचो आणि तिथून सांगायचो, "येतंय, सर."

आणि मलाही लातूरहून नोकरीचं बोलावणं आलं. घरची विहीर आटलेली, खाणारी तोंडं सहा. मी सांगायला गेलो तेव्हा सर एकटेच गोळी झुलवत बसले होते.

"मनात जायचं किती हाय?"

"सत्तर टक्के, सर."

"अधिक-उणे?"

"तीस."

"म्हंजे शंभरबी असंल." त्यांनी गोळी हातानं थांबवली. "जा बाबा. घर बघ आधी. फिजिक्सची फिकीर करू नको, ते कुठं पळून जात न्हाई. उद्या दहाच्या गाडीला येतो मी सोडाया. अधिक-उणे पाच मिनिटं."

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर पोचलो, तर सर बाकावर बसलेले. चहावाला म्हणाला, "सर आठपासून बसून राहिलेत की हितं."

सर वरमले. मी म्हणालो, "सर, चूक लई मोठी आली."

"आली खरी." ते चष्मा पुसत राहिले. "खोलीवर करमंना, लेका."

गाडी आली, सरांनीच माझी ट्रंक आत ढकलली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले.

"परत कधी येशील?"

"दिवाळीला, सर."

"अधिक-उणे?"

"काही नाही, सर. दिवाळीलाच."

इतकं नेमकं उत्तर त्यांनी आयुष्यात कुणाचं खपवून घेतलं नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर हाय."