गुलाबा, सांग त्यांना

सोळा दिवस झाले तरी सोनाबाई नवऱ्याशी बोलेना, तेव्हा महिपतीनं मंगळवारच्या बाजारातून गुलाबाची कुंडी आणली. खरं तर ‘माझं चुकलं’ एवढ्या दोन शब्दांत काम भागलं असतं. पण ते दोन शब्द तोंडातून काढण्यापेक्षा कुंडी काखेत मारून दीड मैल चालणं त्याला सोपं वाटलं.

भांडणाचं मूळ गिरणीत होतं. महिपती गिरणीत टाइमकीपर. पहिला भोंगा, दुसरा भोंगा, मग दरवाजा बंद, आणि त्यानंतर जो येईल त्याच्या नावापुढं खाडा. त्याच्या स्वतःच्या नावापुढं मात्र अकरा वर्षांत एकही खाडा नव्हता. (तापसुद्धा त्याला रविवारीच यायचा.) गेल्या महिन्यात माढ्याला सोनाबाईच्या एकुलत्या एका भावाचं लग्न झालं. महिपती गेला नाही. मांडवात जो तो विचारी, “दाजी कुटं हायती?” गिरणी अडंल म्हणून आले नाहीत, असं सोनाबाईनं चाळीस जणांना सांगितलं आणि घरी आल्यावर तोंडच मिटलं. घरात माणसं दोनच, त्यामुळं त्यातल्या एकानं तोंड मिटलं की भिंतींशीच बोलायची पाळी येते.

“कळी धरलीया बघा,” कुंडी देताना रज्जाक माळी म्हणाला होता. “पंधरा दिवसांत फुलंल. सकाळी एक तांब्या पाणी. जास्ती न्हाय.”

फूल उमललं की ती अंबाड्यात माळणार आणि माळलं की बोलणार, असं महिपतीनं मनाशी पक्कं केलं. कुंडी उंबऱ्याशेजारी ठेवली. सोनाबाईनं ती नुसती पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती कुंडीपुढं उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “गुलाबा, त्यांना सांग, पीठ सरलंय.”

महिपती चपापला. मग कुंडीकडं बघून म्हणाला, “संध्याकाळी आणतो म्हणावं.”

तिथून संसार गुलाबाच्या मध्यस्थीनं सुरळीत चालला. “गुलाबा, इचार की, आमटीत मीठ बराबर हाय का?” “अगदी बरोबर आहे म्हणावं.” (कमी होतं. पण निरोप्यावर जास्त भार नको.) सगळे निरोप गुलाबानं पोचवले. त्याला स्वतःला पाणी कोण घालतं, एवढंच कुणी त्याला विचारलं नाही.

पहिल्या भोंग्याला उठून महिपती अंधारातच एक तांब्या ओतायचा. तो गेला की सोनाबाई दुसरा ओतायची. हौसेनं आणलं म्हणजे हे विसरणारच, हा तिचा जुना अनुभव. नळावर तासभर उभं राहून मिळालेलं पाणी, त्यातही तिच्या स्वतःच्या आंघोळीच्या वाटणीचं. चार दिवसांत पानं पिवळी पडली. ऊन बाधतंय असं वाटून महिपतीनं, ती नळावर गेली की, संध्याकाळचा तांब्या सुरू केला. सोनाबाईलाही उन्हाचाच संशय आला आणि तिनं दुपारचा सुरू केला. सोलापुरात माणसाला बादलीभर पाण्याची मारामार, आणि महिपतीच्या दारात गुलाबाला दिवसातून चार आंघोळी.

दुसऱ्या रविवारी कळीनं मान टाकली. महिपती धावत जाऊन रज्जाकला घेऊन आला. रज्जाकनं कुंडीत बोट खुपसलं, तर बोटाभोवती पाणी वर आलं.

“मालक, गुलाब लावलाय का भात?” तो म्हणाला. “पाणी कोण घालतंय?”

“मी,” दोघं एकदमच म्हणाली, आणि महिन्याभरानं त्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

रज्जाक आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. “एका घरात ऱ्हाता न्हवं तुमी?” त्यानं विचारलं. तेवढ्यात कळी गळून खाली पडली. सोनाबाईनं ती उचलून तळहातावर घेतली. ती चाळीस जणांना उत्तरं देत एकटी मांडवात कशी उभी राहिली असेल, ते महिपतीला आत्ता दिसलं.

“गुलाबा,” तो पुटपुटला, “सांग तिला, माझं चुकलं.”

“आता चार दिवस थेंबभर पाणी द्यायचं न्हाय,” रज्जाक निघता निघता म्हणाला. “हात आवरंना तर सरळ गावाला जावा.”

“माढ्याला जाऊ,” महिपती म्हणाला. “तुझी भावजय बघून येऊ.”

सोनाबाईनं थेट त्याच्याकडं पाहिलं. “अन् गिरणी?”

“अडली तर अडू दे.”

गिरणीच्या रखवालदाराजवळ हेडक्लार्कच्या नावे चिठ्ठी देऊन दोघं संध्याकाळच्या गाडीनं गेली. माढ्यात महिपतीचं चांगलं आदरातिथ्य झालं. रोज पहाटे मात्र भोंगा नसतानाही त्याला जाग यायची आणि आपल्यावाचून दरवाजावर काय गोंधळ उडाला असेल, या काळजीनं तो कूस बदलत पडायचा.

शुक्रवारी तो गिरणीत गेला आणि अपराध्यासारखा हेडक्लार्क मल्लिकार्जुनअप्पांपुढं उभा राहिला.

“अप्पा, माझे चार खाडे.”

“कसले खाडे?” अप्पांनी हजेरीबुक उघडलं. महिपतीच्या नावापुढं सोमवार ते गुरुवार हजर. “तुमचं नाव आलं की माझा हात आपोआपच हजर लिहितो. का, नव्हतात की काय तुम्ही?”

चिठ्ठी टेबलावर पेपरवेटखाली तशीच होती. ती कुणी उघडलीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी महिपती घरी आला तेव्हा गुलाबाला तांबूस फुटवा फुटला होता. त्यानं सगळी हकिकत सांगितली. सोनाबाईनं हसू दाबत ऐकून घेतली, आणि मग जुन्या सवयीनं कुंडीकडं वळली.

“गुलाबा, त्यांना सांग, गिरणीला कळलं नसंल. मांडवात चाळीस जणांना कळलं हुतं.”

काहीतरी करायचं म्हणून महिपतीनं तांब्या उचलला.

“ठेवा तो खाली,” सोनाबाई म्हणाली. “आजचं पाणी घालून झालंय. आता सांगून ठिवती बाई, न्हायतर परत भात लावाल.”