सगुणेसाठी चांगलं घर

बाळांनो, एका जंगलात रस्ता झाला. त्यामुळे जंगल थोडं कमी झालं, पण रस्ता झाला. सिंहमहाराजांनी फीत दातांनी तोडली, माकडांनी टाळ्या पिटल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून प्राण्यांना पायी चालायची लाज वाटू लागली.

त्या जंगलात केशवराव अस्वल राहत. त्यांच्याकडे एक फिकट पिवळी गाडी होती. तिचं नाव सगुणा. केशवरावांनी ती ऐन तारुण्यात घेतली होती. लग्न करून माधवीबाईंना त्यांनी याच गाडीतून गुहेत आणलं. मुलाला शाळेत सोडलं तेही हिच्यातूनच. आता सगुणा म्हातारी झाली होती. सकाळी सुरू होण्याआधी ती बराच वेळ खोकायची. तिचं डावं दार फक्त बाहेरून उघडायचं. चढ लागला की केशवराव तिच्या डोक्यावरून, म्हणजे टपावरून, खिडकीतून हात फिरवत आणि म्हणत, "चल गं बाई." मग ती जायची. कधीकधी.

त्यांचा मुलगा दूरच्या जंगलात मोठ्या नोकरीला होता. त्याने आईवडिलांना नवी गाडी पाठवली. चंदेरी, चकचकीत. ती बोलायची. पत्ता सांगितला की आपली आपण चालायचीसुद्धा.

केशवराव तिच्यात एकदाच बसले. गाडी गोड आवाजात म्हणाली, "कृपया पट्टा लावा."

केशवराव ताडकन खाली उतरले. "अस्वलाला पट्टा दरवेशी लावतात," ते म्हणाले. "घरच्या गाडीने लावायचा नसतो."

माधवीबाईंना मात्र ती गाडी फार आवडली. आपोआप चालायची सोय त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकली. जन्मभर त्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. आता कुठे चाक हातात आलं होतं, ते गाडीच्याच हातात कोण देणार? त्या आठवडाभरात शिकल्या आणि नदीपर्यंत एकट्या जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या अंगावरचा केस न् केस फुललेला होता.

पण गुहेच्या दारात जागा एकाच गाडीची.

"अहो, आता सगुणेचं काहीतरी बघा," माधवीबाई म्हणाल्या.

केशवराव दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे मध खाल्ला, पण जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ठीक आहे. पण घर चांगलं पाहिजे. वाटेल त्याच्या हातात मी पोर देणार नाही."

त्यांनी वडाला पाटी लावली : 'सगुणा चांगल्या घरी देणे आहे. भंगारवाल्यांनी चौकशी करू नये.'

पहिलं आलं माकड. त्याने टायरला लाथ मारून पाहिली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

"वडीलधाऱ्या बाईला असं विचारतात का?" केशवरावांनी त्याला तिथूनच वाटेला लावलं.

मग मोर आला. तो बाजूच्या आरशात बराच वेळ बघत राहिला. स्वतःवर खूश होऊन निघून गेला. गाडी पाहायची राहूनच गेली.

मग रानडुकरांचं जोडपं आलं. कष्टाळू, सरळ. त्यांना रताळी घेऊन बाजाराला जावं लागे आणि पोरं मोजता येणार नाहीत इतकी होती. त्यांनी सगुणेला रोज चालवलं असतं, रोज पुसलं असतं आणि बिघडली तर चिखलात लोळून दुरुस्तही केलं असतं.

"मागची सीट तेवढी काढू," डुकरीणबाई आनंदाने म्हणाल्या. "म्हणजे पोती नीट बसतील."

केशवरावांनी छातीवर हात ठेवला. "त्या सीटवर ही नवरी म्हणून बसली होती!"

"मी पुढे बसले होते," माधवीबाई म्हणाल्या. "मागे तुमची आत्या होती."

तरी नकार गेला तो गेलाच.

आता, बाळांनो, त्या वडाखाली विश्राम नावाचा एक बोका झोपलेला असे. तो पाटी लावली त्याच्या आधीपासून झोपला होता. केशवराव निराश होऊन पाटी काढायला गेले, तेव्हा त्याने एक डोळा उघडला.

"तुम्हाला हवीय का गाडी?" केशवरावांनी सहज विचारलं.

"तुम्ही म्हणाल तर," बोका म्हणाला.

केशवराव थबकले. "जोरात पळवणार नाही ना?"

"मी?"

"रंग बदलाल?"

"कशाला उगाच दगदग."

"सीट काढाल?"

"नको. सीट तर आधी लागेल."

केशवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन ते म्हणाले, "माधवी, स्थळ मिळालं! काय तो शांतपणा! काही मागणं नाही, काही अट नाही. आणि घराणं तर बघ. मांजर वाघाची मावशी, म्हणजे हे वाघाचे मामाच झाले."

"आणि किंमत?"

"ते म्हणाले, किमतीचं सावकाश बघू. चांगल्या घरचे लोक तो विषय काढत नाहीत."

माधवीबाईंनी सगुणेच्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. त्यांनाही भरून आलं. केशवराव बोक्याला एकेक गोष्ट समजावत राहिले. खोकली तर घाई करू नका. उजवीकडे वळताना आधी तिला कल्पना द्या. दुपारच्या उन्हात धुऊ नका.

"एवढं माझ्या लक्षात राहायचं नाही," बोका म्हणाला. "सकाळी तुम्हीच येऊन सुरू करून दिलीत तर?"

केशवराव सकाळी गेले. सुरू करून दिली. नुसती सुरू करून बंद करणं तिच्या तब्येतीला चांगलं नाही, म्हणून एक चक्कर मारली. बोका मागे बसला होता. मग नदीवर मासे चांगले मिळतात असं बोक्याला आठवलं. मग बोक्याला बहीण आठवली. मग बहिणीला बाजार आठवला.

महिनाभरात केशवराव उजाडताच घराबाहेर पडू लागले. तेल तेच भरत. "लेकीला माहेरहून काही द्यायला नको?" असं म्हणत. मडगार्डला पत्रा तेच ठोकत. बोका मागच्या सीटवर झोपून असे. एकदा तो झोपेतच म्हणाला, "केशवराव, जरा सावकाश." त्या दिवशी केशवराव घरी येऊन अभिमानाने सांगत होते, "बघ, किती काळजी आहे त्यांना तिची!"

इकडे गुहेत भाकऱ्या गार होऊ लागल्या. माधवीबाई चंदेरी गाडी काढून एकट्याच फिरत. "पुढे डावीकडे वळा," गाडी म्हणायची. दिवसभरात त्यांच्याशी तेवढंच कोणीतरी बोलायचं. आधी आधी त्यांना मजा वाटली. मग त्या मुद्दाम चुकीच्या वळणावर जाऊ लागल्या. निदान गाडी काहीतरी जास्तीचं बोलेल.

एक दिवस त्यांना नदीकाठी सगुणा दिसली. शेजारी केशवराव उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माशांची टोपली. माधवीबाईंनी गाडी थांबवली.

"अहो, आलेच आहात इथवर तर पाय सोडून बसू या ना पाण्यात. पूर्वी बसायचो तसं."

केशवरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, आत्ता नको. साहेब आत आहेत."

माधवीबाईंनी गाडी वळवली आणि त्या घरी आल्या. त्या रात्री भाकऱ्या केल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या वडाखाली गेल्या. बोका सगुणेत झोपला होता. त्यांनी काच ठोठावली.

"विश्रामभाऊ, माझा नवरा परत द्या."

"मी कुठे धरून ठेवलाय, वहिनी? ते आपले आपण येतात."

हे खरंच होतं. त्यामुळे माधवीबाईंना जास्तच राग आला. "मग गाडी द्या."

"आणि मी चालत जाऊ?" बोक्याला खरोखर वाईट वाटलं. "माझी सवय मोडलीय."

"बरं, गाडी ठेवा. नुसता नवरा द्या. त्यांना सांगा, उद्यापासून येऊ नका."

बोक्याने मोठी जांभई दिली. "वहिनी, ते दोन्ही सुटं मिळत नाही."

 बोका माधवीबाईंच्या मागे उभ्या चंदेरी गाडीकडे पाहत होता.

"ऐकलंय, ही आपली आपणच चालते?"

माधवीबाईंना नाही म्हणता आलं असतं. मधाचं पोळं पंजाला लागतं आणि मागे माश्यांचा आवाज येतो, तेव्हा अस्वलाला जसं वाटतं तसं त्यांना वाटलं. त्या मागे गेल्या. चाकावर एकदा पंजा ठेवला. मग बंद केलेली सोय चालू केली आणि दार उघडून धरलं.

बोका आत गेला, बहिणीचा पत्ता सांगितला आणि झोपला. गाडी गुपचूप निघून गेली.

थोड्या वेळाने केशवराव आले. हातात फडकं होतं.

"तू इथे? साहेब कुठायत?"

"गेले. सगुणेला घरी न्यायचीय."

"साहेबांना विचारलंस?"

माधवीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की केशवराव निमूट चाकामागे बसले. सगुणा खोकली, सुरू झाली. वाटेत केशवराव तिच्याशी गप्पा मारत होते. माधवीबाई शेजारच्या सीटवर बसून बाहेर बघत होत्या. गुहेच्या खालच्या चढावर सगुणा थांबली ती थांबलीच. केशवरावांनी बाहेरून जाऊन डावं दार उघडलं, माधवीबाई उतरल्या, मागे गेल्या आणि खांदा लावला.

गाडी इंचाइंचाने वर सरकू लागली. केशवरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली. चेहरा आनंदाने उजळला होता.

"पाहिलंस ना, माधवी?" ते ओरडले. "घरची ओढ म्हणतात ती हीच!"

माधवीबाईंना धाप लागली होती, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

तात्पर्य : ज्याला काहीच नको असतं त्याला सगळं मिळतं, असं साधुसंत सांगतात. ते बोक्याकडे पाहूनच सांगत असावेत. बाकीच्यांनी खांदा लावायची तयारी ठेवावी.