कॅम्पबेलांची भावकी

साहेबाला जेवायला बोलवायचं आणि सोबत त्याची भावकीही गोळा करायची, ही कल्पना एकट्या उत्तम परबची. आखातातल्या बौशरच्या ऑफिसात कॅम्पबेल नावाचा नवा स्कॉटिश साहेब आला होता. तेलाचे भाव पडलेले. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे तोच ठरवणार होता. उत्तमचंही कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं.

अशात त्याला जवळच्या दवाखान्यावर पाटी दिसली, 'डॉ. कॅम्पबेल, दंतवैद्य'. सोहार औद्योगिक वसाहतीत तर अख्खी 'कॅम्पबेल क्रेन्स' कंपनी निघाली. कोकणात दोन परब भेटले की गाव आणि ग्रामदेवता विचारून चहा संपायच्या आत नातं निघतं. स्कॉटलंडातही तसंच असणार, असं उत्तमने धरूनच टाकलं आणि दोन्हीकडे चिठ्ठी पाठवून जेवायचं आमंत्रणही दिलं.

"विचारून तरी बघा साहेबांना," त्याची बायको वसुंधरा म्हणाली.

"अगं, सरप्राइज आहे! परमुलखात आपली माणसं बघून साहेब विरघळेल."

शुक्रवारी संध्याकाळी वादी अदाईतल्या त्यांच्या दोन खोल्यांत साहेब कोंबडी-वड्यांसमोर बसला आणि बेल वाजली. डॉक्टर कॅम्पबेल आल्या, मूळच्या जमैकाच्या.

"सर, तुमच्या फॅमिलीतल्या!" उत्तमने जाहीर केलं.

"फॅमिली नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या पूर्वजांना हे आडनाव मळ्याच्या मालकाकडून मिळालं. गुलाम होते ते."

साहेबाचा हात वड्यावरच थांबला. तेवढ्यात क्रेनवाले आले. ते निघाले हैदराबादचे हुसैनमियाँ.

"नाम पुराने मालिक का है, साब. नया बोर्ड महंगा पड़ता था, तो वही रहने दिया."

उत्तमने ते इंग्रजीत सांगताच आधी बाई हसल्या, मग साहेब हसला. बाईंनी वड्यांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि उत्तमच्या जिवात जीव आला.

"उत्तम, एवढा खटाटोप कशाला? तुझं कॉन्ट्रॅक्ट परवाच वाढवलंय. तेच सांगायला आलो होतो," साहेब म्हणाला. "बरं, खाली 'परब इलेक्ट्रिकल्स' दुकान दिसलं. ते कोण?"

"कोणी नाही, सर. नुसतं आडनाव एक."

"सख्खा चुलतभाऊ आहे," वसुंधरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "गावच्या गणपतीच्या पाळीवरून अबोला धरलाय दोघांनी."

साहेबाने एकदा डॉक्टरबाईंकडे पाहिलं, एकदा हुसैनमियाँकडे. उत्तमला भयंकर लाज वाटली. आता कसली भीती उरली नव्हती, आणि कुणी जा म्हणालंही नव्हतं. तरी तो उठला आणि जिना उतरला.

चुलतभाऊ धनंजय दुकानात काउंटरमागे पंखा खोलून बसला होता. उत्तमला पाहून त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"लायट गेली काय?" त्याने विचारलं.

'साहेबांनी बोलावलंय' हे उत्तमच्या अगदी ओठावर आलं होतं.

"नाय रे," तो म्हणाला. "मीच इलंय. वर चल, जेवक."

धनंजयने पंखा तसाच उघडा ठेवला आणि शटर खाली ओढलं.