चौदा दमेकरी आणि एक ज्वालामुखी

सहल आखावी तर ती मीच! हे मी म्हणत नाही, आमच्या कारखान्यातले सगळे म्हणतात. कारण तसं म्हटलं नाही तर ते काम आपल्या गळ्यात पडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. यामे गावातल्या एगाशिरा उदबत्ती कारखान्यात मी, म्हणजे सुसुमु कुरातोमी, गेली कित्येक वर्षं वार्षिक सहलीचा व्यवस्थापक आहे. माझ्या सहलीत आजवर बस चुकलेली नाही, माणूस हरवलेला नाही आणि बिअर कमी पडलेली नाही. एवढं सांभाळता येणारा माणूस खरं तर मंत्री व्हायचा. मी उदबत्तीत राहिलो.

यंदाची सहल आसोच्या राष्ट्रीय उद्यानात होती. कुरणात जेवायचं, ज्वालामुखीला लांबून नमस्कार करायचा, गरम झऱ्यात डुंबायचं आणि रात्री मेजवानी झोडायची. 'लांबून' हा शब्द मी विचार करून घातला होता. जो डोंगर मनात आलं की दगड भिरकावतो, त्याच्याशी संबंध लांबूनच ठेवावेत. माझ्या थोरल्या मेव्हण्याशीही मी तसेच ठेवले आहेत.

बस डोंगराच्या वळणांना लागली आणि आमचे मालक एगाशिरासाहेबांनी माइक हातात घेतला. आम्हाला वाटलं, गातील. गायले असते तर किती बरं झालं असतं!

"मंडळी! आत्ताच कळलं, ज्वालामुखीचं विवर लोकांसाठी उघडलंय! गेली काही वर्षं वायूमुळे बंद होतं. यंदा आपण थेट काठावर उभं राहून फोटो काढायचा! माझे वडील कामगारांना घेऊन तिथे उभे राहायचे, तस्साच!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे साहेबांना 'नाही' म्हणायची पद्धत नाही. फार तर 'बघूया' म्हणतात, आणि तेही साहेब खोलीबाहेर गेल्यावर.

वाहनतळावर उतरलो तर भोंगा चार भाषांत बजावत होता: "दम्याच्या रुग्णांनी काठावर जाऊ नये! वायूमुळे जिवाला धोका आहे!" सोडतीचा निकाल ऐकावा तसे आमचे लोक ते ऐकत होते.

पहिल्या आल्या हिशेबाच्या उशिजिमाबाई. "कुरातोमी, साहेबांच्या कानावर घाला. मला दमा आहे."

"तुम्हाला?" मी चकित झालो. बाईंनी कचेरीतून हाक मारली की मागच्या गोदामात ट्रक उभे राहतात.

"आतल्या आतला आहे. दिसत नाही."

मग आला पॅकिंगमधला हिरोवातारी. "दादा, मलापण दमा."

"अरे, तू मॅरेथॉन पळतोस की!"

"म्हणून तर पळतो, दादा. थांबलो की धाप लागते."

मग रांगच लागली. कोणाचा दमा आजीकडून आलेला, कोणाचा लष्करातल्या काकांकडून. एकाला तो फक्त फोटो काढताना व्हायचा. शेवटी निरोगी असे दोघंच उरलो, साहेब आणि मी. मी वर पाहिलं. काठावर काँक्रीटचे जाडजूड आडोसे बांधले होते, दगड पडू लागले तर शिरायला. त्यांच्यामागून पांढरा धूर असा उठत होता, जणू खाली कोणी डोंगराएवढा भात शिजत टाकून विसरलंय. माझ्याही छातीत काहीतरी दाटून आलं. त्याला दमा म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"साहेब, जरा अडचण आहे. मंडळींना दमा आहे."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना! आणि तुम्हाला हो?"

"मला धरूनच म्हणालो."

माझा अंदाज असा, की साहेब काय ते समजतील, थोडं रागावतील आणि आपण मेजवानीकडे वळू. पण साहेबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी टोपी काढली.

"चौदापैकी चौदा!" ते पुटपुटले. "उदबत्तीची ती देवदाराच्या पानांची भुकटी... पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ती उडवतोय, आणि ही बिचारी माणसं ती गुपचूप ओढताहेत! एका शब्दाने कुरकुर केली नाही कोणी!"

आणि साहेबांनी भर वाहनतळावर गुडघे टेकले, कपाळ डांबराला लावलं. "मला क्षमा करा!"

आता साहेब जमिनीवर असताना आपण उभं कसं राहायचं? आम्हीही पटापट डांबरावर पालथे झालो. शेजारच्या बसमधले पर्यटक विवर सोडून आमचेच फोटो काढू लागले.

संध्याकाळी मेजवानी रद्द! बिअर रद्द, घोड्याच्या मांसाच्या लुसलुशीत चकत्या रद्द! चौदा आजाऱ्यांना पेज आणि सातूचा काढा. गंधकाच्या पाण्याची आंघोळ तेवढी मिळाली, कारण वाफ छातीला बरी. हिरोवातारी पेजेच्या वाडग्यात बघत म्हणाला, "दादा, विवरात उडी मारलेली परवडली असती."

सकाळी न्याहारीला साहेब काळा कोट घालून आले. ते बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी कारखाना बंद करतोय."

कोणाच्या तरी तोंडातलं समुद्रशेवाळ अर्ध्यातच कुरकुरायचं थांबलं.

"तुमच्या फुप्फुसांवर मला एकही उदबत्ती वळायची नाही. उद्यापासून दाराला कुलूप!"

ओबोनचा सण तोंडावर होता. पितर घरी येतात ते उदबत्तीच्या वासावर. आम्ही कुलूप लावलं तर निम्म्या तालुक्याचे पितर वाट चुकून शेजाऱ्याकडे जेवले असते. पितरांचं एक वेळ ठीक आहे हो, पण आम्ही जिवंत माणसं कुठे जाणार होतो? बावन्नाव्या वर्षी मला काम कोण देणार? आणि खरं सांगावं, तर चौदा जणांनी मिळून साहेबांच्या तोंडावर थाप मारली हे सांगायचं कोणी? उशिजिमाबाईंनी बसक्या टेबलाखालून मला अशी लाथ हाणली, की तो कौल मानून मी बोलू लागलो.

"साहेब, एक चमत्कार झालाय. कालच्या आंघोळीपासून छाती मोकळी झाली माझी!"

"माझीही!" बाई गरजल्या. खिडकीची कागदी तावदानं थरथरली.

हिरोवातारीने तर न सांगता बागेला तीन फेऱ्या मारल्या आणि दारात येऊन, धापा न टाकता, हात वर केले.

साहेबांचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी खोटं बोलताय तुम्ही! पण तुमच्यासारख्या सरळ माणसांना खोटं बोलता येत नाही हो. चेहऱ्यावर दिसतं."

आम्ही माना खाली घातल्या. दुसरं काय करणार!

"खरोखर बरे झाला असतात," साहेब सुस्कारा टाकून म्हणाले, "तर काठावर उभं राहता आलं असतं. पण ते मी कोणत्या तोंडाने सांगू?"

शेवटी बाईंनी काढ्याचा पेला आपटला. "उठा रे! चला डोंगरावर!"

फाटकावर कालचाच रखवालदार होता. त्याने डोळे बारीक केले. "कालचे ते दम्याचे लोक तुम्हीच ना?"

"ते वेगळे," मी म्हणालो. "दिसायला आमच्यासारखे होते."

"आणि हे साहेब? काल हेच डांबरावर पडले होते."

"ते दोन्हीकडे असतात."

रखवालदाराने डोकं खाजवलं. मग फाटक उघडलं.

काठावर पोचलो. खाली हिरवट पाणी रटरटत होतं. आम्ही दोन रांगांत उभे राहिलो, साहेबांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, आणि नेमका तेव्हाच वारा फिरला. मंडळी, सडक्या अंड्यांच्या गोदामाला आग लागली आहे आणि तुम्ही त्यात तोंड उघडं टाकून झोपला आहात, अशी कल्पना करा. आता त्यात मिरच्या टाका.

"कोणी खोकायचं नाही!" बाई दातांच्या फटीतून म्हणाल्या. "जो खोकेल त्याने कारखाना बुडवला!"

आम्ही खोकलो नाही! बाईंचा चेहरा आधी टोमॅटो झाला, मग वांगं. हिरोवातारीने स्वतःची टोपी चावायला घेतली. मागच्या रांगेतून कोणाच्या तरी कानांतून शिटी वाजल्यासारखं मला वाटलं. माझ्या छातीत खोकला रेड्यासारखा धडका मारत होता आणि मी हसत होतो. चौदा जणांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"रडू नका रे!" साहेबही रडू लागले. "बरं झाल्याचा आनंद असाच असतो! हां, आणखी एक फोटो!"

इतक्यात भोंगा कर्कश ओरडला: "वायू वाढला आहे! सर्वांनी ताबडतोब खाली उतरावं!" त्यातला 'ताबडतोब' आमच्यापैकी कोणी ऐकला नाही, कारण तोवर आम्ही अर्ध्या उतारावर होतो. बाईंनी हिरोवातारीला मागे टाकलं! मॅरेथॉनवाल्याला! साहेबांना रखवालदाराने काखोटीला धरून खाली आणलं, तर ते वाटभर त्याला सांगत होते, "बघा, बघा! कालपर्यंत श्वास घेता येत नव्हता या लोकांना!"

बसमागे दडून आम्ही चौदा जण मनसोक्त खोकलो. बसच्या काचा हादरल्या. पण बाजी मारली होती! कारखाना वाचला होता!

परतीच्या वाटेवर साहेबांनी माइक घेतला. चेहरा नुसता उजळलेला. "मंडळी, मी रात्रभर चुकीचा विचार करत होतो. आंघोळीने आराम पडला असेल, पण उतारावर जी ताकद दिसली, ती त्या वायूची! भुकटीवर उतारा सापडला! आता कारखाना बंद करायची गरज नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी काठावर यायचं. प्रत्येकी पंधरा मिनिटं. फाटक बंद असलं, तर उघडेपर्यंत थांबू. कुरातोमी, आखा तुम्ही!"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

आज शुक्रवार आहे. गेले चार दिवस मला खोकल्याची खरीखुरी उबळ येतेय. सकाळी बायकोला म्हणालो, "अगं, डॉक्टरकडे जाऊन येतो."

तिने माझे बूट पुसून दारात ठेवले आणि म्हणाली, "कशाला? उद्या डोंगरावर जाताय ना!"