परबभाऊंचं गवत

मे महिन्यात चाळीत आंब्याची पेटी उघडली की वासाने माणसं जमतात. आमचे शेजारी परबभाऊही यायचे, पण आंब्यांकडे बघायचे नाहीत. हातात गोणपाट धरून दारातच उभे राहायचे आणि म्हणायचे, "वयनी, आंबे ऱ्हवांदेत. गवत तेवढां माका द्या."

पेटीतलं गवत हो, आंब्यांखाली अंथरलेलं! पहिल्या वर्षी मला वाटलं, माणूस भिडस्त आहे. म्हणून गवतात चार हापूस लपवून दिले. दुसऱ्या मिनिटाला हापूस परत. चुकून आले म्हणाले.

मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमची बैठी चाळ. परबभाऊ मालवणकडचे, कारखान्यात फिटर, खोलीत एकटे. खोलीमागे हातभर जमीन आणि तिच्यात अबोलीची एक रांग. त्या रांगेसाठी जगातला सगळा पालापाचोळा त्यांना हवा असायचा. सत्यनारायणाला लोक प्रसादासाठी थांबायचे, हे केळीचे खुंट कधी सुटतात याची वाट बघत. पलीकडच्या देसाईकाकू म्हणायच्या, या उकिरड्यात एक दिवस नाग निघेल. भाऊ शांतपणे सांगायचे, निघू दे, तोही थंडाव्यालाच येईल.

एकदा मी विचारलंच, हे काय खूळ. आमची माती खारट, नळाला पाणी फक्त सकाळचं. रोपांना घातलेली बादली दुपारपर्यंत उडून जायची आणि मातीवर पांढरा थर उरायचा. भाऊ म्हणाले, "सूर्य पाणी पिता आणि मीठ उष्टां टाकून जाता. मातयेक पांघरूण घातलां काय तेचां काय चालणा नाय." पांघरूण तरी किती, अबोलीची नुसती डोकी वर दिसायची. कुणी गवत उचकटलं तर झोपलेल्या मुलावरची चादर ओढल्यासारखे अंगावर यायचे.

एवढं करून फूल मात्र कुणाला देत नसत. मी वेणीसाठी मागितली तर म्हणाले, झाडं अजून लहान आहेत. पक्का कंजूष, असं मी आमच्या ह्यांना सांगितलंसुद्धा.

मग एका वर्षी होळीला घोटाळा झाला. भाऊ पाळीवर असताना चाळीतल्या पोरांनी सगळं गवत ओढून होळीत घातलं. वर्षभर एवढं वाळकं साठवायचं ते होळीसाठीच, असा त्यांचा प्रामाणिक समज. भाऊ परतले तेव्हा होळी धडधडत होती. त्यांनी नारळ वाहिला, पाया पडले आणि खोलीत गेले.

चैत्राच्या उन्हात रांगेवर मीठ फुललं. रोपांनी माना टाकल्या. भाऊंनी आपली चटई, धोतर, शेवटी गोधडीसुद्धा त्या मातीवर पसरली आणि स्वतः उघड्या फरशीवर झोपू लागले. मी म्हटलं, भाऊ, चार फुलांसाठी हाडं मोडून घेता काय?

तेव्हा कुठे ते बोलले. लग्नानंतर बायको माहेरची अबोली घेऊन या खोलीत आली होती. पहिल्याच उन्हाळ्यात रोप गेलं. ती ट्रंक भरून गावी निघाली. "जंय अबोली जगणा नाय, थंय मी काय जगतलंय?" म्हणाली. तेव्हापासून भेट फक्त गणपतीत.

"गणपतीत तिका सांगून इलंय, अबोली धरली म्हणान," भाऊ म्हणाले. "मे म्हयन्यात बघूक येतली."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चाळभर झाली, ती अर्थात माझ्यामुळे. पेट्या आल्या तशा दुसऱ्याच दिवशी गवतासाठी रिकाम्या झाल्या. देसाईकाकू तर नागाला न भिता स्वतः गवत पसरून आल्या. त्या वर्षी आमच्या चाळीत एक आंबा धड पिकला नाही, पण निम्मी रांग वाचली.

परबवहिनी आल्या त्या तडक खोलीमागे गेल्या. आम्ही सगळ्या खिडक्यांत. त्यांनी पायाच्या अंगठ्याने गवत बाजूला सारलं, वाकून चिमूटभर माती घेतली आणि सरळ जिभेवर ठेवली. भाऊ गोणपाट छातीशी धरून उभे.

वहिनींनी गवत पुन्हा सारखं केलं, कडेने नीट दाबलं. मग पदराला हात पुसत विचारलं, "हंय पाण्याक सकाळी कितक्याक उठूचा लागता?"

भाऊ गोणपाटाची घडी घालायला लागले. शेवटी मीच खिडकीतून सांगितलं, पाचला.