मम्माची पार्किंगची खुर्ची

हाउस या नृत्यसंगीताचा इतिहास थॅडियस ग्रिग्ज यांच्यापाशी सुरू होतो, असे संग्रहालयाच्या पत्रात लिहिले होते. शनिवारी सकाळी पावणेअकरा वाजता तो इतिहास शिकागोच्या दक्षिण भागात, आईच्या तळघरात, नाताळच्या खोक्यांत डोके खुपसून शिंकत होता.

साठी उलटलेल्या थॅडियसने याच तळघरात, बटणे दाबून ताल धरणाऱ्या एका ड्रम मशीनवर आपली पहिली रेकॉर्ड केली होती. पुढे तो बर्लिनला गाजला, टोकियोला गाजला. मशीन इथेच राहिले. आज अकराला संग्रहालयाची माणसे ते न्यायला येणार होती. मशीन नाही, तर त्याच्या नावाचे दालनही नाही. आणि मशीन जागेवर नव्हते.

“मम्मा! माझं मशीन कुठाय?”

“कुठलं?” वरून आवाज आला.

“ते धप्‌धप् करणारं!”

“तुझं कुठलं धप्‌धप् करत नव्हतं?”

तेवढ्यात फोन वाजला. संग्रहालयाच्या मिस हॉलोवे होत्या. “मिस्टर ग्रिग्ज, चौथी फेरी मारतोय आम्ही. गाडी लावायला जागाच नाही.”

“घरासमोर आहे की! आईनं बर्फ उपसून मोकळी केलीय.”

“तिथे खुर्ची आहे.”

“मग सरकवा!”

“मी याच शहरात वाढलेय,” मिस हॉलोवे गारपणे म्हणाल्या. “इथं ज्यानं बर्फ उपसला, जागा त्याची; खुर्ची ही त्याची खूण. दुसऱ्यानं उपसलेल्या जागेवरची खुर्ची मी सरकवू? गाडीच्या काचा शाबूत हव्यात मला. शिवाय खुर्ची उडू नये म्हणून वर कसली तरी जड पेटी ठेवलीय. बटणांची.”

थॅडियस सपाता घालूनच बर्फात धावला. मागोमाग मम्मा दारात आली.

“मम्मा, यावर मी इतिहास घडवला गं!”

“घडवलास ना? मग आता खुर्ची धरू दे त्याला. माझी गाडी गॅरेजात आहे, जागा कोण राखणार? नुसती खुर्ची वाऱ्यानं पडते. आणि वर प्लास्टिक घातलंय. मी काय वेडी आहे?”

खुर्ची अखेर मम्मानेच सरकवली. तो अधिकार तिचाच. गाडी लागली, स्वयंपाकघरात मशीनची वायर जोडली गेली. धप्, धप्, धप्, धप्. मिस हॉलोवेंचे डोळे भरून आले.

“चाळीस वर्षं झाली,” मम्मा म्हणाली, “अजून पुढचं काही येत नाही त्याला.”

मशीन मऊ कापडात गुंडाळून गाडीत गेले. जाताना मिस हॉलोवेंनी थॅडियसच्या हाती काळ्या दगडाचे मानचिन्ह ठेवले. त्यावर त्याचे नाव कोरले होते. हात खाली गेले, इतके ते जड होते. गाडी दिसेनाशी झाली तरी तो ते छातीशी धरून दारात उभा होता.

मम्माने मोकळ्या जागेत खुर्ची परत मांडली. ती वाऱ्याने लगेच आडवी झाली. मम्माने खुर्चीकडे पाहिले, मग मानचिन्हाकडे.

“अभिनंदन, बाळा,” ती म्हणाली. “तेवढं इकडे दे जरा. सोमवारी गाडी आली की परत घे.”